ॲडॉप्टर वेगळा पडेल

"साहेब, रागावू नका, पण तुमचं वय काय?"

हा प्रश्न मला कॉम्प्युटरच्या दुकानात विचारला गेला. विचारणारे गृहस्थ दुकानाचे मालक नव्हते आणि विमा एजंटही नव्हते. ते प्रिंटरचं कार्ट्रिज रिफिल करून घ्यायला आले होते आणि शाई भरून होईपर्यंत त्यांच्यापाशी मोकळा वेळ होता. तो त्यांनी माझ्या उरलेल्या आयुष्यावर खर्च केला.

जागा लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. या नावाने पत्ता विचारलात तर ग्रँट रोडचा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे लॅमिंग्टन रोडच ना?") मला हवा होता एखाद्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी. घरातल्या सीड्या आणि कॅसेटी त्यावर उतरवायच्या आणि मग घरात कुठेही बसून ऐकायच्या, एवढंच. दुकानातल्या पोराने काउंटरवर एक काळा डबा आणून ठेवला, फडक्याने पुसला आणि विचारलं, "अंकल, कशाला पाहिजे? टॅली?"

"गाणी ठेवायला."

"फक्त गाणी?"

इथे कार्ट्रिजवाले वळले. "किती गाणी आहेत?"

"सहाशेच्या आसपास सीड्या असतील."

"विकत घेतलेल्या?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की ‘नाही हो, चोरलेल्या’ म्हटलं असतं तर माझी पत वाढली असती. "अहो, सगळं फोनवर फुकट मिळतं आता. बरं, एका सीडीत किती? तास धरू?" त्यांनी फोन काढून कॅल्क्युलेटर उघडला. "सहाशे तास. रोज किती वेळ ऐकता?"

"अर्धा तास होतो."

"म्हणजे बाराशे दिवस. सव्वातीन वर्षं. एकदा ऐकायला."

"काही सीड्या मी परत परत ऐकतो."

"परत परत?" त्यांनी मान हलवली. रुग्ण पथ्य पाळत नाही हे कळल्यावर डॉक्टर हलवतात तशी. "मग तर अवघड आहे. साहेब, रागावू नका, पण तुमचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

"पंचाहत्तर धरू?"

"काय धरू?"

"वरचं टोक हो. सरासरी."

"ऐंशी धरा ना," पोरगा म्हणाला. त्याला डबा विकायचा होता.

"बरं, ऐंशी. बावीस वर्षं. पण कान? आमच्या वडिलांना सत्तरीनंतर दाराची बेलसुद्धा ऐकू यायची नाही. कान आपण बाराच वर्षं धरू." बारा वर्षं धरलेले माझे कान तोपर्यंत लाल झाले होते. "बारा भागिले सव्वातीन. साडेतीन-पावणेचार वेळा सगळं ऐकून होईल तुमचं. मग ही एक टीबीची डिस्क कशाला घेताय? पाचशे जीबी पुरे."

"पुरेल अंकल," पोरगा म्हणाला. इतका वेळ तो माझ्या बाजूने होता.

राग वयाचा आला नाही. राग आला तो साठवणीचा हिशोब बरोबर निघाल्याचा. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनल, या मापाने नोंदलेला असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट आणि तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये आवाजाचा कणही न गमावता ते निम्म्या-पाऊणपटीच्या दरम्यान येतं. तानपुरा-तबला-गळा एवढंच असेल तर कमी, ढणढणाट असेल तर जास्त. सरासरी एका सीडीला ३५० एमबी धरा. सहाशे सीड्यांचे २१० जीबी झाले. या माणसाने आयुर्मर्यादेच्या वाटेने जाऊन डिस्कची साइज बिनचूक काढली होती.

मी एक टीबीच घेतली. (डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, म्हणून ती ९३१ जीबी दिसते. "७० जीबी दुकानदाराने खाल्ले" म्हणून भांडायला जाऊ नये.)

कार्ट्रिजला अजून वेळ होता. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला चकचकीत पेनड्राइव्ह लटकत होता. "हा बघा. दोन टीबी. फुटपाथवर सहाशेला. सगळे अभंग, सगळी भावगीतं, सगळी नाट्यगीतं आहेत यात."

"ऐकलीत?"

"ऐकायची कशाला? आहेत ना त्यात."

या उत्तरापुढे मी निःशब्द झालो, पण तुम्ही सावध व्हा. सहाशे रुपयांत दोन टीबी मिळत नाहीत. आतली चिप १६ किंवा ३२ जीबीची असते आणि तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने विचारलं की तो ‘दोन टीबी’ म्हणतो. खरी जागा संपली की पुढच्या फाइली एक तर हवेत जातात, नाही तर जुन्यांवर लिहिल्या जातात. फाइलींची नावं शेवटपर्यंत दिसतात, त्यामुळे मालक सुखात असतो. ओळखायचं तर विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘एफथ्री’ चालवायचं. ते डिस्क काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. हे मी त्यांना सांगणार होतो. पण तोपर्यंत त्यांनी पोराला विचारलं, "यांच्या डब्याला ॲडॉप्टर येतो का सोबत?"

"ॲडॉप्टर वेगळा पडेल," पोरगा म्हणाला.

त्या क्षणी ते गृहस्थ माझ्याकडे ज्या दयेने बघत होते, ती दया अजून पचलेली नाही.

तर तो डबा. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी, यांतला कुठलाही चालतो. साधारण १८ सेंटीमीटरचा चौकोन आणि साडेतीन सेंटीमीटर जाडी. हे डबे सध्या ढिगाने मिळतात त्याला कारण आहे. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट आय-फाइव्ह प्रोसेसरवाले डबे ऑफिसांनी गोण्या भरून भंगारात काढले. लिनक्सला पिढीशी घेणंदेणं नाही. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला डबा दहा-बारा हजारांच्या आसपास सुटतो. संगीतासाठी तो गरजेपेक्षा बराच ताकदवान आहे.

कुणी तरी सांगेलच की रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या. २०१२ मध्ये तो ३५ डॉलरला आला तेव्हा तो सल्ला ठीक होता. आता पाय, त्याचा पॉवर सप्लाय, डबी, मेमरी कार्ड आणि डिस्कचं यूएसबी एन्क्लोजर यांची बेरीज करा आणि मग बोला. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्ड दगा देतं, आणि आपल्याकडे वीज लिहिता लिहिताच जाते. दोन डिस्कांचा तयार ‘नॅस’, म्हणजे नेटवर्कला जोडायचं डिस्कांचं खोकं, चांगला असतो, पण रिकाम्या खोक्याचीच किंमत या डब्याच्या पुढे जाते.

घेताना काउंटरवरच झाकण उघडायला लावा. पाठीमागे बहुतेक एकच स्क्रू असतो. आत अडीच इंची डिस्क बसवायची चौकट (कॅडी) आणि तिची चपटी रिबन केबल आहे का बघा. रिफर्बिश करताना सगळ्यात आधी हीच दोन मंडळी गायब होतात आणि मग तीही वेगळी पडतात. डिस्क सात मिलिमीटर जाडीची घ्या. मोठ्या क्षमतेच्या काही अडीच इंची डिस्का १५ मिलिमीटरच्या असतात, त्या कॅडीत शिरत नाहीत. एसएसडी परवडली तर उत्तमच, पण संगीत एकदा लिहायचं आणि शंभरदा वाचायचं असतं, त्यामुळे फिरती डिस्कसुद्धा पुरते. वापरलेली डिस्क गळ्यात पडली तर घरी ‘स्मार्टसीटीएल’ या कमांडने तिची कुंडली काढा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हे (खराब आणि संशयित जागांचे) आकडे शून्य पाहिजेत. ‘सीआरसी एरर’ (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

ॲडॉप्टरची गंमत वेगळीच. व्होल्ट आणि वॅट जुळले म्हणून भागत नाही. काही कंपन्यांच्या ॲडॉप्टरला मध्यभागी एक बारीक पिन असते, तिच्यातून तो मशीनला स्वतःची ओळख सांगतो. डुप्लिकेट ॲडॉप्टर ओळख पटवू शकला नाही, तर मशीन सुरू होताना ‘ॲडॉप्टर ओळखता येत नाही, पुढे जायला अमुक बटण दाबा’ म्हणून अडून बसतं आणि प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतं. आपलं मशीन कपाटावर असतं, बिनकीबोर्डाचं. बटण दाबणार कोण? म्हणून ॲडॉप्टर ओरिजिनल, ६५ वॅटचा, आणि दुकानातच लावून, स्क्रीनवरचा संदेश वाचून घ्यायचा. "चालतोय ना अंकल" हे वाक्य पुरावा नव्हे.

घरी आल्यावर पहिलं काम वीस-तीस रुपयांचं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला. आठ-नऊ वर्षांच्या मशीनमध्ये तो मेलेला असण्याची शक्यता दांडगी. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग अपडेट मागितले की सर्व्हरची सर्टिफिकेटं ‘अजून वैध झालेली नाहीत’ अशी तक्रार येते आणि माणूस उगाच इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. (त्या शिव्या इतर कारणांसाठी जपून ठेवा.) मग बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगांमध्ये) जाऊन ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ या नावाची सोय शोधा आणि ‘पॉवर ऑन’ करा. वीज आली की डबा आपोआप उठला पाहिजे. कीबोर्ड नसल्याची कुरकुर बंद करायची सोयही तिथेच आसपास असते.

डेबियन लिनक्स घालणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्यावर फार बोलत नाही. दोनच सूचना. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, पासवर्ड विचारला की रिकामा सोडायचा, म्हणजे तुमच्या युजरला ‘सुडो’चे, म्हणजे गरजेपुरते तेच, अधिकार आपसूक मिळतात. सॉफ्टवेअरच्या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढून ‘एसएसएच सर्व्हर’वर करायची, म्हणजे डबा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवता येतो. त्यानंतर मॉनिटर परत जागेवर. संगीताची डिस्क ‘ईएक्सटीफोर’ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा आणि लगेच ‘ट्यूनटूएफएस’ या कमांडला ‘एम शून्य’ सांगून राखीव जागा काढून घ्या. ईएक्सटीफोर पाच टक्के जागा रूटसाठी अडवून ठेवतं. एक टीबीत ते सुमारे ५० जीबी होतात, म्हणजे दीडशेच्या आसपास सीड्यांची जागा. ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) डिस्कचं नाव यूयूआयडीने, म्हणजे ओळखक्रमांकाने लिहायचं आणि ‘नोफेल’ हा शब्द विसरायचा नाही. नाही तर एखाद्या दिवशी डिस्कची केबल सैल झाली की अख्खं मशीन आपत्कालीन अवस्थेत जाऊन बसतं.

नेटवर्कची तार. फ्लॅक ऐकायला सेकंदाला एखादा मेगाबिट लागतो, तेवढं वायफायसुद्धा देतं. पण सुरुवातीला २०० जीबी डब्यात ओतायचे असतात, तेव्हा तार हवी. इथे केबल टाकणाऱ्यांची एक जमात आहे, त्यांच्याबद्दल मला प्रेमाने बोलता येत नाही. तारेत आठ वायरी असतात, हे लोक चारच जोडतात. "इंटरनेट चालतंय ना?" चालतं. चार वायरींवर १०० मेगाबिट चालतं, म्हणजे सेकंदाला ११ एमबी, म्हणजे २०० जीबीला पाच तास. गिगाबिटला आठही वायरी लागतात आणि तेच काम तासाभराच्या आत होतं. उरलेल्या चार वायरी कापून ते कुठे नेतात कोण जाणे. ‘एथटूल’ या कमांडने वेग बघा. १०० दिसला तर दोन्ही टोकांचे प्लग नव्याने चेपून (क्रिंप करून) घ्या, आणि ते होईपर्यंत समोर उभे राहा.

फाइली टाकण्यासाठी सांबा, म्हणजे डब्यातला फोल्डर घरातल्या इतर कॉम्प्युटरना दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने द्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ‘पासवर्ड चुकीचा’ बघत बसलेले जीव मी पाहिले आहेत. ऐकण्यासाठी नॅव्हिड्रोम हा गाण्यांचा सर्व्हर. हलकं आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये ४५३३ या पोर्टवर उघडतं आणि सबसॉनिक पद्धतीची फोनवरची कुठलीही ॲप त्याला जोडता येतात. राउटरमध्ये डब्याचा आयपी पत्ता पक्का करून टाका, नाही तर दर काही दिवसांनी ‘गाणी गेली’ अशी बोंब उठेल. विजेचं म्हणाल तर रिकामा बसलेला हा डबा दहा वॅटच्या आसपास घेतो. महिन्याला सात-सव्वासात युनिट होतात. ज्या घरात गीझर चालू ठेवून माणसं फोनवर बोलतात, तिथे या सात युनिटांवरून मला व्याख्यान ऐकावं लागतं.

सीडी उतरवायला यूएसबीचा डीव्हीडी रायटर पुरतो. तो मशीनच्या पोर्टात थेट लावा. लांब एक्स्टेंशनवर त्याला वीज कमी पडते आणि तो मध्येच टकटक करून मान टाकतो. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, लिनक्सवर ‘व्हिपर’. ही सॉफ्टवेअरं तुमची प्रत जगातल्या इतरांनी काढलेल्या प्रतींशी ‘ॲक्युरेटरिप’ या यादीत ताडून बघतात. मराठी सीडी टाकली की बहुतेक वेळा उत्तर येतं, ही सीडी यादीत नाही. म्हणजे पृथ्वीवर ही नीट उतरवणारे तुम्ही पहिलेच. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. ते दोनदा वाचतं, दोन्ही वेळचा सीआरसी आकडा जुळला तर प्रत शुद्ध. सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल फिरवून नाही.

जत्रेत मिळणाऱ्या ‘१०० सदाबहार गीतं’वाल्या एमपीथ्री सीड्या तशाच कॉपी करा. त्यांचं फ्लॅक करू नका. फोडणी दिली म्हणून शिळा भात ताजा होत नाही. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीने जे एकदा फेकलं ते परत येत नाही, फाइल मात्र पाच-सहा पट फुगते.

कॅसेटींसाठी एक इशारा. या मिनी पीसींना बहुधा एकच हेडसेटची जॅक असते. तिच्यातलं इनपुट माइकचं, एका चॅनलचं. टेपरेकॉर्डरची ‘लाइन आउट’ तिथे खुपसली तर फाटका, एका कानाचा आवाज मिळतो. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस घ्या, ऑडॅसिटीत २४ बिटांवर रेकॉर्ड करा आणि वरची टोकं उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा.

इथवर सगळं सोपं होतं. खरा छळ टॅगचा, म्हणजे फाइलीत लिहिलेल्या गायक-गाण्याच्या नावांचा.

भारतात ग्रामोफोनची पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. त्यात गौहर जान होत्या. तीनेक मिनिटांचं गाणं संपलं की त्या ठणठणीत आवाजात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कुठलं हे कळावं म्हणून. हा आपल्याकडचा पहिला टॅग, आणि माझ्या मते शेवटचा बिनचूक. त्यानंतर सव्वाशे वर्षं झाली, आणि आज माझ्या पडद्यावर ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे तीन वेगवेगळे गायक आहेत. शिवाय रोमन लिपीतले चार निराळे.

एमपीथ्रीचे टॅग लिहायच्या आयडीथ्री या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत कलाकाराच्या नावाला ३० बाइट असतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘भीमसेन जोशी’ मोजा. अक्षरं-मात्रा मिळून दहा, म्हणजे ३० बाइट, आणि मधल्या जागेचा एक. एकतीस. जुनं सॉफ्टवेअर एकतिसावा बाइट कापतं, शेवटची वेलांटी मोडते आणि गाडीतल्या स्टिरिओवर ‘भीमसेन जोश’ आणि पुढे चौकोन येतो. जोश खरंच होता, ते सोडा. उपाय असा की फ्लॅक वापरा, त्याच्या टॅगांना ही मर्यादा नाही. एमपीथ्री असेल तर आयडीथ्रीची २.३ आवृत्ती लिहा आणि पहिल्या आवृत्तीचा टॅग पुसून टाका.

मग ‘ऱ्य’. ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडाक्षरखूण. डोळ्यांना दोन्ही बहुतेक सारखेच दिसतात, शोधयंत्राला ती दोन वेगळी गाणी वाटतात. एक पद्धत ठरवा आणि ‘एमपीथ्रीटॅग’ या सॉफ्टवेअरने सरसकट बदलून घ्या.

नॅव्हिड्रोममध्ये नावं लावताना सुरुवातीचे काही शब्द धरायचे नाहीत, अशी एक सोय आहे, ‘इग्नोअर्ड आर्टिकल्स’. तिच्यात इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज उपपदं आधीपासून घातलेली आहेत. ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ तुम्ही घाला. नाही तर अख्खं हिंदुस्थानी संगीत ‘प’, ‘उ’ आणि ‘व’ या तीन अक्षरांखाली कोंबलं जातं.

राग लिहायला टॅगमध्ये ठरलेला रकाना नाही. फ्लॅकमध्ये तुम्ही ‘राग’ आणि ‘ताल’ असे स्वतःचे रकाने काढू शकता, आणि काढाच. पण बऱ्याच ॲप ते दाखवत नाहीत. म्हणून राग ‘जॉनर’ (संगीतप्रकार) या रकान्यातसुद्धा लिहायचा. मग संध्याकाळी जॉनर उघडून ‘मारवा’ वर बोट ठेवलं की घरातले सगळे मारवे एका ओळीत. ही एक गोष्ट मला कुठल्याही मासिक वर्गणीवाल्या सेवेने दिलेली नाही.

आणि त्यांनी काय दिलंय? ‘बेस्ट ऑफ’ नावाचा अल्बम, मुखपृष्ठावर सूर्यास्त. गायकाच्या जागी ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर मागे बसलेली मुलगी कोण, याचा पत्ता नाही. विलंबित संपून द्रुत सुरू होते त्या सांध्यावर आवाजात खाच, कारण एक मैफल दोन ट्रॅकमध्ये चिरलेली. परवान्याची मुदत संपली की काल ऐकलेलं गाणं आज करड्या रंगात, दाबलं तरी वाजत नाही, आणि का ते कुणी सांगत नाही. सीडीच्या आतल्या चार पानी कागदावर साथीदारांची नावं तरी असायची. तो कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. त्या सीड्या आता कुठे मिळणार? काळा घोड्याचं रिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मला कुणी सांगू नये की सगळं फोनवर मिळतं. जे मिळतं ते सगळं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मिळतं.

असो. बॅकअप.

डिस्क मरते. दोन डिस्का जोडून रेड केलं, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही तसंच लिहायला लावलं, तर बॅकअप झाला, असं नाही. तुम्ही चुकून फोल्डर उडवला की रेड तो दोन्हीकडून तत्परतेने उडवतं. वेगळी डिस्क, वेगळ्या घरात. माझी मेहुण्याकडे ठाण्याला असते. ती मी मुद्दाम एक्सफॅट या विंडोजलाही वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवली आहे. ईएक्सटीफोरची डिस्क विंडोजला लावली की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं, आणि नातेवाइकांचा स्वभाव ‘हो’ म्हणण्याचा असतो. एक्सफॅटला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा कोलन चालत नाही, म्हणून पिकार्ड या टॅग लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘विंडोजला चालतील अशी नावं’ या सोयीवर आधीच खूण करावी. मालकी-परवानग्यांचे तपशीलही तिथे राहत नाहीत, म्हणून ‘आरसिंक’ या नक्कल करणाऱ्या कमांडला ‘ए’ऐवजी ‘आर’ आणि ‘टी’ द्यायचे, वेळेच्या फरकाला एका सेकंदाची सूट द्यायची, आणि शेवटी ‘डिलीट’. मूळ डिस्कवर जे नाही ते बॅकअपवरूनही जावं म्हणून. डिलीटआधी नेहमी ‘ड्राय रन’ (नुसती रंगीत तालीम) करून यादी वाचायची. मूळ डिस्क जोडलीच गेली नसेल तर आरसिंक रिकाम्या फोल्डरची इमानदारीने नक्कल करतं.

गणपतीत डिस्क आणायला गेलो तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमच्या डिस्कवर केवढी जागा रिकामी होती! छकुलीच्या बारशाचा व्हिडिओ टाकलाय त्यात. फोनमध्ये मावत नव्हता, तिथून उडवला. आता तुमच्याकडे सेफ."

ड्राय रनच्या यादीत तो होताच, उडवायच्या फाइलींमध्ये, सगळ्यात वर. आता माझ्या कमांडमध्ये त्या फोल्डरसाठी ‘एक्सक्लूड’ आहे. वगळलेल्या फोल्डरला डिलीट हात लावत नाही. त्याने फोल्डरला नाव दिलंय ‘न्यू फोल्डर (२)’, त्यामुळे कंस आणि मधल्या जागांसकट ते अवतरणचिन्हांत लिहावं लागलं. साधा ‘न्यू फोल्डर’ कुठे आहे आणि त्यात काय आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.